भाडेकरूसकट जुनं घर घेतलं आणि दुरुस्त केलं, त्याचा अनुभव

पुण्यात नारायण पेठेत नदीच्या बाजूला एक जुनं घर आम्ही 2023 मध्ये घेतलं. खाली चार खोल्या, वर चार, त्यावर पोटमाळा आणि कौलं, मागे छोटं अंगण आणि अंगणात संडास. विचार साधा होता, नीट डागडुजी करायची आणि वरचा मजला एमपीएससीच्या मुलांना भाड्याने द्यायचा. आमच्या भागात एका कॉटचे 3-4 हजार सहज मिळतात, अभ्यासिका आणि क्लासेस चालत जायच्या अंतरावर, मेसचे डबे गल्लीत येतात, त्यामुळे मुलं मिळायची चिंता नाही. अडचण एकच, वरच्या चारपैकी दोन खोल्यांत 85 रुपये महिना भाड्याने एक काका-काकू राहत होते, आणि तेही काकांच्या वडिलांच्या काळापासून.

घर बाजारभावापेक्षा बरंच स्वस्त मिळत होतं ते याचमुळे. विकणारे चार भावंडं, त्यातला एक अमेरिकेत, त्याचं कुलमुखत्यारपत्र यायला वेळ लागला ते सोडा. पण त्यांचा एजंट पहिल्याच भेटीत म्हणाला की मॅडम भाडेकरूचं टेन्शन घेऊ नका, रिनोव्हेशन काढा, मे महिन्यात कौलं उतरवून ठेवा, पाऊस पडला की आपोआप मुलाकडे जातील, मुलाचा वाकडला फ्लॅट आहे. हे तो इतक्या सहज बोलला की मला वाटलं गंमत करतोय. नव्हता करत. नंतर अजून दोघातिघांनी हेच वेगवेगळ्या शब्दांत सुचवलं, जिना पाडा, पाण्याचा कॉक बंद करा, संडासाचं दार काढा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा आहे, त्यात कलम 29 मध्ये भाडेकरूचं पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडास असल्या सोयी तोडणं हा सरळ गुन्हा धरलाय. आणि गुन्हा नसता तरी सत्तरीच्या माणसांच्या डोक्यावरची कौलं काढून घर मिळवायचं हे मला जमलं नसतं.

आमच्या वकीलबाईंनी पहिल्या बैठकीत जे सांगितलं ते सगळ्यात उपयोगी पडलं. मी विचारलं होतं की दुरुस्तीसाठी खोल्या रिकाम्या करून घेता येतात ना? त्या म्हणाल्या येतात, कलम 16 मध्ये तसं कारण दिलेलं आहे, खोली रिकामी केल्याशिवाय दुरुस्ती होणारच नसेल तर मालक दावा लावू शकतो. पण लोक इथेच वाचायचं थांबवतात, पुढचं 17 वं कलम वाचत नाहीत. दुरुस्तीच्या कारणाने भाडेकरूला बाहेर काढलं तर काम झाल्यावर त्याला परत आत घ्यावं लागतं. म्हणजे कोर्टात काही वर्षं घालवायची, निकाल लागायचा, भिंती रंगवायच्या आणि काका परत त्याच खोल्यांत यायचे. "स्वतःला हवं" म्हणून दावा लावला तर गरज खरी आणि वाजवी आहे हे दाखवावं लागतं, वर कोर्ट बघतं की घर सोडल्याने भाडेकरूची गैरसोय जास्त की न सोडल्याने मालकाची. आमचं राहतं घर कोथरूडला, स्वतःचं, आम्हाला इथे राहायचंच नाही, त्यात कुठली गैरसोय दाखवणार? मुलाच्या फ्लॅटचा मुद्दा फार तर त्या तुलनेत मांडता आला असता, त्यावर दावा उभा राहत नव्हता.

तेव्हाच मनात पक्कं झालं की काका-काकू तिथेच राहणार असं धरून किंमत ठरवायची आणि कामाचा नकाशाही तसाच काढायचा. हे खरेदीआधी ठरलं म्हणून पुढचं सगळं निभावलं. मुंबईच्या मैत्रिणींनी लगेच विचारलं की पागडी आहे का, म्हणजे जागा घेताना भाडेकरूने मालकाला एकरकमी मोठी रक्कम दिली होती का, तर नाही, पागडी वगैरे काही दिलेली नव्हती, नुसतं जुनं भाडं. भाडेकरू कायद्याने तितकाच पक्का.

मग मी इसार देण्याआधी काकांना भेटायला गेले. एजंट नको म्हणत होता, भाव वाढवतील म्हणे. मला त्यांच्याकडून कागद बघायचे होते कारण विकणाऱ्यांकडे भाड्याचा एकही कागद नव्हता, "असेल आईच्या कपाटात कुठेतरी" एवढंच.

काकांनी खुर्ची दिली, काकूंनी चहा टाकला, आणि काकांनी पलंगाखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा ओढला. त्यात पावत्या तारेत ओवलेल्या. सगळ्यात खालची 1962 ची, वडिलांच्या नावाची, शाई तपकिरी झालेली, रेव्हेन्यू स्टँपवर मालकांची तिरकी सही. वर वर येताना अक्षर बदलतं, मग मालक बदलतो, मग पावतीपुस्तकाचा रंग बदलतो. मधेच एक वेगळा गठ्ठा, रबर लावलेला, तो मनीऑर्डरच्या परत आलेल्या फॉर्मचा. एकेकाळी मालकांशी नळावरून वाजलं होतं आणि त्यांनी भाडं घेणं बंद केलं, तर काका दर महिन्याला मनीऑर्डर करत राहिले आणि पोस्टमन "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत आणत राहिला. ते सगळे फॉर्म त्यांनी जपून ठेवलेले. मला म्हणाले, "भाडं थकवलं म्हणून काढायचं मनात असेल तर आधीच सांगतो, एक महिना थकलेला नाही." मी म्हटलं नाही हो काका, मी बघायला आलेय तुमच्याकडे काय काय आहे. ते म्हणाले, "बघा की. तुमच्या वकिलांना झेरॉक्स पण देतो, पण मी बरोबर येणार." आणि खरंच आले, झेरॉक्सवाल्याच्या टेबलाशी डबा धरून उभे.

त्या डब्यामुळे आमचेच किती प्रश्न सुटले. भाडं 85 च आहे हे कळलं, डिपॉझिट कधी घेतलेलं नाही हे कळलं, वडील गेल्यावर पावत्या काकांच्या नावाने सुरू झाल्या हे कळलं. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण मूळ भाडेकरू वारल्यावर त्याच्यासोबत तिथे राहणारा घरातला माणूस भाडेकरू होतो, आणि इतर भावंडं नंतर येऊन आमचाही हक्क म्हणाली तर गुंता होतो. काकांची एक बहीण आहे चिंचवडला, लग्न होऊन पन्नास वर्षं होत आली, तरी वकीलबाईंनी तिचं नाव टिपून ठेवलं. कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढ घेता येते, ती जुन्या मालकांनी कधीच घेतली नाही. मी गंमत म्हणून हिशोब केला, कायदा लागू झाल्यापासून दरवर्षी चक्रवाढीने वाढवलं असतं तरी 85 चे सव्वादोनशेच्या आतच झाले असते. तेव्हा भाडं वाढवून काही निघेल ही आशा कोणी ठेवू नये.

बाकी तपासणी भराभर सांगते. प्रॉपर्टी कार्ड, सर्च रिपोर्ट, पेपरात जाहीर नोटीस हे सगळेच करतात. भाडेकरू असेल तर अजून बघायचं म्हणजे कोर्टात मालक-भाडेकरूचा काही दावा पडून आहे का, वीजमीटर कोणाच्या नावावर आहे, पोटभाडेकरू कोणी ठेवलाय का, आणि प्रत्यक्ष वापरातली जागा किती. आम्ही टेप घेऊन मोजलं. पावतीवर दोन खोल्या, वापरात दोन खोल्या आणि पत्रे मारून बंद केलेली गॅलरी. ती गॅलरी भाड्यातली की नंतर बळकावलेली यावर विकणारे आणि काका दोघांची वेगळी गोष्ट, आम्ही त्यात पडलो नाही, खरेदीखतातल्या भाडेकरूच्या परिशिष्टात "गॅलरीसह" असंच लिहून घेतलं. जे आहे ते आहे तसं कागदावर आलेलं बरं. खालच्या खोल्यांचा आणि वरच्या दोन बंद खोल्यांचा प्रत्यक्ष ताबा, काकांच्या खोल्यांचा भाडेकरूसह ताबा, असं वेगवेगळं लिहिलं. लोनला बँकेच्या वकिलांनी भाडेकरू बघून नाकं मुरडली, शेवटी आम्ही कोथरूडच्या फ्लॅटवर टॉप-अप काढलं. घर माझ्या एकटीच्या नावावर घेतलं कारण बाईच्या नावावर स्टँप ड्युटीत 1 टक्का सवलत असते, तेव्हापासून काका मला मालकीणबाई म्हणतात, अर्धं चेष्टेत.

खरेदी झाली त्याच आठवड्यात जुन्या मालकांच्या सहीचं पत्र काकांना दिलं की घर यांना विकलंय, यापुढे भाडं यांना द्यावं. हे पत्र कितीजण घेत नाहीत. ते नसेल तर भाडेकरू म्हणू शकतो मला काय माहीत मालक कोण, आणि जुन्या मालकाला भाडं देत राहिला तर दोष त्याचा नाही.

आता दुरुस्ती. आर्किटेक्ट आले, टॉर्च मारून बघितलं, खालच्या मागच्या भिंतीत उभी चीर होती ती बघून म्हणाले फोडून बघावं लागेल पायापर्यंत. काका जिन्यात उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "फोडू नका, ती चीर नाही, सांधा आहे." 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा या गल्लीत पाणी चढलं, मागची मातीची भिंत बसली, ती मालकांनी नंतर पायापासून विटा-सिमेंटात उचलली, आणि बाजूची भिंत जुनी दगड-मातीची तशीच राहिली. दोन्ही जिथे भेटतात तिथे दर उन्हाळ्यात रेघ दिसते. काकांचं स्वतःचं शनवारातलं घर त्याच पुरात गेलं होतं, ते आठ वर्षांचे, म्हणून तर त्यांच्या वडिलांनी पुढच्या वर्षी इथे खोल्या घेतल्या. मग ते आम्हाला घेऊन घरभर फिरले, ही तुळई वाळवीने खाल्ली म्हणून नवीन घातलीये, या कोपऱ्यात कौल सरकतं, इथे मोरीचं पाणी भिंतीत मुरतं आणि खाली डाग येतो तो पावसाचा नाही. आर्किटेक्टनी सगळं नकाशावर मार्क केलं आणि तरी एका ठिकाणी प्लास्टर काढून खात्री केली, निघालं तसंच, एका बाजूला वीट एका बाजूला दगड. मागची भिंत खणायचा खर्च तिथल्या तिथे वाचला.

ते फिरणं चालू असताना काकू खालच्या पुढच्या खोलीत बसल्या होत्या आणि सहज बोलल्या, "इथे किती बरं आहे, जिना नाही." गुडघे गेलेले, संडास अंगणात, म्हणजे रात्री एकदा उठलं तरी जिना उतरा आणि चढा. रात्री घरी जेवताना मी नवऱ्याला म्हटलं की त्यांना खालीच दिलं तर? आपल्याला वरचा मजला अख्खा मिळतो.

यातली मेख अशी की खालच्या खोल्या रिकाम्या होत्या. आधी खालचं काम करायचं, त्यांना खाली आणायचं, मग वरचं उघडायचं. कोणालाही मधल्या काळात दुसरीकडे ठेवायला नको. फक्त कौलांचं काम पावसाच्या आत व्हायला हवं, म्हणजे खालच्या दोन खोल्या एप्रिलअखेर राहण्यासारख्या पाहिजेत.

काकांना हे सांगितल्यावर ते लगेच हो म्हणाले नाहीत. त्यांची भीती स्पष्ट होती, वरच्या खोल्या सोडल्या म्हणजे भाडेकरूपण सोडलं, मग खालून उद्या काढाल. बरोबरच भीती आहे, लोक असंच करतात, तात्पुरतं खाली या म्हणतात आणि मग अकरा महिन्यांच्या लायसन्सवर, म्हणजे मुदत संपली की जागा सोडायची अशा करारावर, सही घेतात. त्यात मुलाचा फोन आला. तो म्हणाला खाली-वर काही नको, 25 लाख द्या, आई-बाबांना मी घेऊन जातो. आम्ही म्हटलं एवढे नाहीत आमच्याकडे, आणि आई-बाबा यायला तयार आहेत का ते विचारलंत का. त्यावर तो जरा चिडला. त्याला दोष देत नाही, त्याच्या जागी मीही आकडा टाकून बघितला असता. काकूंनीच त्याला सांगितलं की वाकडला आठव्या मजल्यावर माझं मन रमत नाही, इथे मंडई आहे, भिशी आहे, डॉक्टर कोपऱ्यावर आहे.

शेवटी वकीलबाईंच्या ऑफिसात सगळे बसलो, काकांनी स्वतःचा वकीलही आणला, हे मीच सुचवलं होतं, नंतर कोणी म्हणायला नको की म्हाताऱ्यांना फसवून सह्या घेतल्या. करार असा झाला की जुनी भाडेदारीच पुढे चालू राहील, फक्त वरच्या दोन खोल्या आणि गॅलरीऐवजी खालच्या पुढच्या दोन खोल्या. नकाशा जोडला, त्यांची जागा लाल रेघेने. आत स्वतंत्र संडास-बाथरूम आम्ही बांधून द्यायचं. खालचं काम पूर्ण होऊन ते प्रत्यक्ष खाली येईपर्यंत वरचा ताबा त्यांच्याकडेच, आम्ही कौलाला हात लावायचा नाही. भाड्याचा आकडा मला वाटेल तो टाकता येणार नव्हता, सुधारणांच्या खर्चापोटी कायद्यात बसेल तेवढीच वाढ, ती धरून 600 रुपये ठरले, आणि दरवर्षी 4 टक्के. चिंचवडच्या आत्यांनी संमती म्हणून सही केली, येताना शंकरपाळ्या घेऊन आल्या.

नोंदणीला दुय्यम निबंधकाकडे गेलो तर काकूंचा अंगठा उमटेना. आयुष्यभर भांडी घासून रेषाच राहिल्या नाहीत, मशीन लाल दिवा दाखवतं. ऑपरेटर मुलगा सांगतोय आजी जरा दाबा, आजी रुमालाने पुसा, आजी केसावरून फिरवा थोडं तेल लागू दे, मग डाव्या हाताचं मधलं बोट चाललं. काकू म्हणाल्या लग्नातसुद्धा एवढं धरून ठेवलं नव्हतं कोणी हात.

कामाचं फार लांबवत नाही. जुन्या घरात होतं ते सगळं झालं, ड्रेनेजची लाईन नकाशात एकीकडे आणि जमिनीत दुसरीकडे, खालच्या भिंतींना ओल, शहाबादी काढल्यावर खाली नुसती भुसभुशीत माती. आर्किटेक्टनी आधीच बजावलं होतं की प्लास्टर, फरशी, आहे त्याच उंचीला कौलं यापलीकडे जायचं नाही, भिंत हलवली किंवा पोटमाळा उंच केला की महापालिकेच्या परवानगीचा मोठा विषय सुरू होतो. भेंड्याच्या, म्हणजे मातीच्या कच्च्या विटांच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर लावू नका, चुन्याचंच लावा, नाहीतर ओल आत कोंडते आणि भिंत फुगते, हेही त्यांचंच. चुन्याचा गवंडी मिळणं हा वेगळा छळ. पण काका वरती राहत असल्यामुळे एक झालं, साईटवर कायम कोणीतरी होतं. सिमेंटची गोणी उघडी राहिली, कामगार अकराला आले, नळ चालू ठेवून गेले, सगळं मला फोनवर कळायचं. कधी कधी नको इतकं कळायचं.

एप्रिल संपत आला तरी बाथरूमच्या टाईल्स बाकी होत्या आणि कॉन्ट्रॅक्टर मला सांगत होता की कौलांना सुरुवात करू, आठ दिवसांचं तर राहिलंय, काका काय बोलणारेत. करारात लिहिलेलं नसतं तर कदाचित मी हो म्हणाले असते, पाऊस डोक्यावर होता. लिहिलेलं होतं म्हणून थांबलो. अक्षय्य तृतीयेला काकूंनी आधी देव खाली आणले, नव्या ओट्यावर दूध उतू घालवलं आणि मग पलंग, कपाट, डबा. त्याच संध्याकाळी वरच्या खोल्यांच्या किल्ल्या मिळाल्या, ताबा दिल्या-घेतल्याची दोन ओळींची पावती दोन्ही बाजूंनी सही करून ठेवली, दुसऱ्या दिवशी कौलं उतरायला सुरुवात. जूनच्या पहिल्या पावसात मागच्या उताराला प्लास्टिक होतं, पण निभावलं.

पैशाचं विचाराल तर काकांच्या दोन खोल्यांचं काम आणि बाथरूम मिळून जो खर्च आला तो मुलाच्या 25 लाखांच्या जवळपासही नव्हता, आणि वरच्या मजल्यावर दोन खोल्या जास्त मिळाल्या, म्हणजे सहा कॉट. मुलांचे करार मात्र आम्ही लिव्ह अँड लायसन्सचे, अकरा महिन्यांचे, नोंदणी करून करतो, पोलीस व्हेरिफिकेशनसकट. कायद्याने करार लेखी आणि नोंदवलेला असणं ही जबाबदारी मालकाची आहे. आणि नोंदणी केली नाही तर भांडण झाल्यावर वर राहणारा मुलगा अटींबद्दल जे सांगेल ते आधी खरं धरलं जातं.

काकांचा मुलगा आता भाडं जीपेने पाठवतो, तरी काकांना कागदी पावती लागते. पावती देणं मालकाला बंधनकारक आहे हे त्यांना माझ्याआधीपासून माहीत. मी पावतीपुस्तक छापून घेतलं, अप्पा बळवंत चौकातून.

गेल्या महिन्यात शेजारच्या वाड्याचा बिल्डर येऊन गेला, दोन्ही प्लॉट एकत्र करायचे का म्हणून. बसायच्या आधी विचारलं, भाडेकरू किती? मी म्हटलं एक, करार नोंदवलेला आहे, नकाशा जोडलाय, वर राहणारे सगळे लायसन्सवर. त्याने फाईल दोन दिवस घरी नेऊ का विचारलं. काका ओट्यावरून म्हणाले, "झेरॉक्स द्या. आणि बरोबर जा."